सोयगावकडून आलेली लाल गाडी

ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा मी घरी ब्लाऊजला हुक लावत बसले होते. वाळूजमधल्या एका लहानशा वर्कशॉपात हे पत्रा दाबायच्या मशीनवर होते. मशीन बिघडलंय, कधीकधी आपोआप खाली येतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. तरी काम चालूच होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हे शुद्धीवर होते. मला म्हणाले, "अंगठा वाचला." बोलले असे, की जसं काही लागलं मला होतं आणि समजूत ते घालत होते.

अंगठा आणि करंगळी राहिली. तेवढ्यावर कोण काम देणार? बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत माणूस दिवसभर बसून राहायला लागला. चारचौघांत चमच्यानं जेवायची लाज वाटायची, म्हणून लग्नाकार्याला जाणं बंद झालं. विहारात सगळे हात जोडायचे तेव्हा हे मागं भिंतीला टेकून उभे राहायचे, हात खिशात घालून. घरात शब्दाला शब्द लागायचा. मग मी शिलाई मशीनवरून उठायचंच कमी केलं. ती चालू असली की दोघांनाही बोलावं लागत नसे.

त्या हिवाळ्यात हे भावकीतल्या एका मयतीला म्हणून गावी गेले. गाव सोयगावच्या बाजूला. माझे सासरे त्या गावात एका मोठ्या घरी सालगडी होते, हयातभर. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो थांबला आणि हे पुढच्या सीटवरून उतरले. मागं दोरानं बांधलेली एक गाडी होती. गाडी कसली, सांगाडाच. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील एवढी, वर छप्पर नाही. परदेशातली जुनी शर्यतीच्या धाटणीची गाडी, थोरल्या मालकांनी तरुणपणी हौसेनं मुंबईहून आणलेली. रंग लाल होता म्हणे. मला तरी गंजच दिसत होता.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"मालकाची गाडी. कापसाच्या गोदामात पडली व्हती. धाकटे मालक भंगारात द्यायले, म्हणलं मला द्या."

"आन् काय करायची?"

"खोलायची."

एवढं सांगून हे टेम्पोवाल्याला दोर सोडायला मदत करायला लागले, डाव्या हातानं. मला रडू फुटलं. गल्लीतल्या बाया बघत होत्या म्हणून आत गेले.

दारासमोरच्या पत्र्याच्या शेडात गाडी लागली. दुसऱ्या दिवसापासून हे तिच्यामागं लागले. डाव्या हातात पाना धरायचे, उजव्याचा अंगठा नुसता टेकवायचे. पाना निसटायचा, तोंडातून शिवी निघायची. शेवटी शेडातून मला हाक आली, "जरा इकडं ये. धर हे." मी सुई ब्लाऊजात खोचून ठेवली आणि गेले. तिथून पुढं रोजच जायला लागले.

गंजलेले नट सुटत नसत. रात्रभर रॉकेल लावून ठेवायचं, सकाळी हातोडीनं हलकं ठोकायचं, मग पाना लावायचा. सीटच्या आत उंदरांनी घर केलं होतं. डिकीत सापाची कात निघाली. सुटलेला प्रत्येक भाग मी पुसून डब्यात ठेवायचे, नट-बोल्ट मसाल्याच्या जुन्या डब्यात, आणि उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचे, नाहीतर परत बसवताना कोण सांगणार? हे शेजारी पाटावर बसून सांगायचे. ह्यांना यंत्राचं कळायचं. हातच नव्हता. माझ्याकडं हात होते आणि कळत काहीच नव्हतं.

"उलटं फिरवायलीस! डोळे हायत का?"

"मग तुम्हीच करा."

असं बोलून मी फडकं घेऊन सुटलेले नट पुसत बसायचे.

एकदा इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं सोडवताना मी चाकाजवळ आडवी झाले होते. हे एकदम म्हणाले, "ह्याच चाकाखाली बाचा पाय आला व्हता."

सासरे लंगडायचे ते मी लग्नापासून पाहत होते. लहानपणी झाडावरून पडले, असं मला सांगितलेलं होतं. त्या दिवशी खरं कळलं. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली होती. सासरे मागून ढकलत होते, मालक आत बसून रेस देत होते. गाडी निघाली ती मागं सरकून मग पुढं गेली. पाय चेंगरला. मालकांनी गाडी थांबवली नाही, कारण थांबवली असती तर परत रुतली असती. घरून हळद पाठवली. सासऱ्यांनी पुढंही रोज सकाळी ती गाडी धुतली, फडक्यानं पुसली. आत कधी बसले नाहीत. बसायचा प्रश्नच नव्हता.

"मग कशाला आणली ही अवदसा घरात?" मी बाहेर सरकून विचारलं.

ह्यांनी चाकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "एवढं काय व्हतं हिच्यात, ते आतून बघायचं व्हतं मला."

"दिसलं?"

"काय नाय. लोखंड हाय. आमच्या प्रेससारखंच."

मला वाटलं, आता हे गाडी सोडून देतील. पण झालं उलटंच. खोलून झाली तसं हे जोडायच्या मागं लागले. जुन्या शहरातले एक म्हातारे मिस्त्री अशा गाड्यांचं काम करायचे. त्यांच्याकडून इंजिन दुरुस्त करून आणलं, जे पार्ट मिळत नव्हते ते लेथवर बनवून घेतले. पैसे माझ्या शिलाईतून थोडे थोडे फेडत गेलो. मिस्त्री अधूनमधून घरी येऊन बघून जायचे. एकदा मी इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवायचं गॅस्केट कापत होते, कात्रीनं, ब्लाऊजची गळपट्टी कापतात तसं. मिस्त्री बघतच राहिले. ह्यांना म्हणाले, "तुमको अब किसी की जरूरत नहीं मियाँ, भाभी का हात एकदम साफ है."

मी खूश झाले. ह्यांच्याकडं बघितलं तर हे दुसरीकडं बघत होते.

त्यानंतर ह्यांचं सांगणं कमी झालं. मी विचारलं तरच उत्तर, तेही तुटक. एका दुपारी मी कार्बोरेटर उघडून बसले होते. आत पेट्रोल सोडणारा पितळेचा एक बारीक जेट असतो, तांदळाच्या कणीपेक्षा थोडा मोठा. मी तो उचलणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. मी लावतो."

"पडंल, अहो."

"म्हणलं ना, मी लावतो."

अंगठा आणि करंगळीत त्यांनी तो धरला.  घामानं कपाळ भिजलं. जेट भोकाजवळ नेला, टेकवला, आणि तो निसटला. फरशीवर टिक्कन वाजला आणि शेडाच्या कडेच्या मोरीच्या जाळीतून खाली गेला. मी हात घालायला धावले. मागून धाडकन आवाज आला. हे उजवा हात मडगार्डवर आपटत होते. पुन्हा आपटला, पुन्हा. तुटल्या बोटांची कातडी फाटून रक्त पत्र्यावरून खाली वाहायला लागलं. मी मिठी मारून धरलं तेव्हा थांबले. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कसं लागलं? हे म्हणाले, "गाडीखाली आला."

त्यानंतर हे शेडात गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावून पडून राहायचे. "देऊन टाक भंगारवाल्याला," एवढंच म्हणाले.

मी दिली नाही. का नाही दिली, असं माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं होतं. ह्यांच्यासाठी म्हणून, असं मी तिला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. मला ते काम आवडायला लागलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवले. इथं एकेक वस्तू आपल्या जागी बसली की आत काहीतरी निवत जायचं. नवा जेट मिस्त्रींनी शोधून दिला. तो मी बसवला. सीटचं रेक्झिन घरच्या मशीनवर शिवलं, त्यात सुया मोडल्या, बोट फुटलं. रंग लावायला मिस्त्रींची माणसं आली. उन्हाळाभर मी पत्र्याखाली आणि हे पंख्याखाली, मध्ये एक भिंत.

गाडी चालू झाली तेव्हा मिस्त्री स्टिअरिंगवर होते. आधी ती खोकली, मग धूर सोडला, मग अशी गरजली की समोरच्या घरातून बाया पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आल्या. शेजारणीनं मोबाईलवर शूटिंग केलं. मी आत पळाले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"चालू झाली."

"ऐकलं."

"बाहेर या की."

"तू केलीस. तू बस जा."

मी बसले. मिस्त्रींनी मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन परत आणली. वारं तोंडावर येत होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं.

ते शूटिंग फिरत फिरत गावी पोचलं असणार. दिवाळीनंतर एका दुपारी दारात मोठी गाडी थांबली. धाकटे मालक, त्यांची बायको, दोन मुलं. "आमच्या आबांची गाडी बघायला आलो," ते हसत म्हणाले, आणि मी पाणी आणेपर्यंत मुलं बुटांसकट सीटवर चढली होती. मालक स्टिअरिंग धरून बसले, बायको फोटो काढत होती.

मागून ह्यांचा आवाज आला. "उतरा."

कित्येक महिन्यांनी हे शेडात आले होते. उजवा हात खिशात नव्हता.

मालक हसले. "अरे, आपल्या घरचीच गाडी..."

"आपल्या घरची नाय. तुम्ही भंगारात काढली व्हती. ही गाडी हिनं जोडली. बसायचं तर हिला इचारा."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. असं कुणी माझ्याकडं पाहिलं नव्हतं, परवानगीसाठी. बसा म्हणायची सवय जिभेवर आलीच होती. मुलांचे बूट दिसले. "नको," मी म्हणाले. "शिलाई नवी आहे."

ते चहा न घेता गेले. जाताना बायको मोठ्यानं म्हणाली, लोकांना काय माज आलाय. हे ऐकून घेत उभे राहिले. गाडी वळणावरून गेल्यावर हे पाटावर बसले. मी जवळ गेले. मला वाटलं काहीतरी बोलतील.

"पाणी दे," म्हणाले. पाणी प्यायले आणि आत जाऊन टीव्ही लावला.

आता हे एका गोदामावर वॉचमन आहेत, दिवसपाळीला. सही डाव्या हातानं करतात. थंडी पडली की नसलेली बोटं ठणकतात आणि मी तेल लावून देते. त्याबद्दल आम्ही बोलतो. गाडीबद्दल बोलत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी ती थोडा वेळ चालू करते. त्या वेळी हे उठून खिडकी लावून घेतात. धूर येतो, म्हणतात. धूर येतोही थोडा. त्या गाडीत ह्यांनी अजून पाय ठेवलेला नाही.