आगट्यांचं नाक

शैलेंद्र आगटे जन्माचे शाकाहारी, आणि नोकरी मांस टिकवण्याची. नशीब असं थट्टेखोर असतं. आखातातल्या अल मनखूल वस्तीतून पहाटे निघायचं आणि वाळवंटातल्या परवान्याच्या शिकारतळावर दिवसभर बर्फाच्या पेट्या राखायच्या, असे बावीस हिवाळे गेले. ससाण्याने हुबारा, म्हणजे आपल्या माळढोकाच्या कुळातला पक्षी, धरला की यांचं काम सुरू. साफ केलेला पक्षी आधी सावलीत टांगून वारा द्यायचा, अंगातली ऊब गेली की मगच पेटीत. त्यांची बायको स्मिता गरम आमटी फ्रिजमध्ये ठेवू देत नाही, तसंच.

चव घ्यायची नाही, म्हणून शेवटचा सगळा भरवसा नाकावर. आगटे हुंगून "ठीक" म्हणाले की पुढे कुणी विचारत नसे. आणि ते नाकच तीन वर्षांपूर्वीच्या तापात कायमचं गेलं होतं. नोकरीच्या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगी आभा अजून कॉलेजात होती. हाताने चाचपून, अंदाजाने वेळ मारून नेत होते. कामाने माणूस थकतो, पण या लपवाछपवीने ते पार पिचून गेले होते.

त्या दुपारी नव्या ड्रायव्हरने हुबारा गरमागरमच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत कोंबला. आगट्यांना कळलं तेव्हा तीन तास झाले होते. वरून पक्षी गार, आत बोट घातलं तर कोमट. ससाण्याची ही पहिली शिकार, रिवाजाप्रमाणे तळाच्या मालकांच्या आजारी आईच्या ताटात जायची होती.

"आगटे साब, सूंघ के बोलो, गाडी खडी है. यल्ला!" आचारी जहूर म्हणाला.

आगट्यांनी नाक लावलं. काहीच नाही. "ठीक" म्हणायला काय लागतं? जीभ उचललीही होती. पण ती म्हातारी डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी हात टेकले.

"जहूरभाई, मेरी नाक तीन साल से काम नहीं करती. आप देखो."

जहूरने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवी हुंगली आणि तोंड फिरवलं. "खलास. फेंकना पडेगा."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आता बोभाटा होणार, आगट्यांनी मनातल्या मनात सामान बांधलं.

जहूरने तंबूबाहेर डोकं काढलं आणि ओरडून सांगितलं, "नहीं जाएगा! आगटे साब ने सूंघ के मना किया है!"