एकट्याची सीट

मोटारसायकलवरून बायको पडली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कारागिरीच्या कितीही गप्पा मारल्या तरी कुणाला माझं कौतुक वाटायला नको.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो, राहायला शहापूरजवळच्या गावात. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घरात आई, मी, बायको आणि सेकंडहँड हंड्रेड सीसी. बायकोचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. लग्नाआधी ती कधी मोटारसायकलवर बसली नव्हती आणि लग्नानंतर उतरायला तयार नव्हती. रविवार उजाडला की म्हणायची, "अहो, आईकडं जाऊन येऊ." आई हे निमित्त, तिला मागे बसायचं असायचं. किन्हवलीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की ती माझ्या पाठीमागे गाणी म्हणायची, चांगली बेसूर. वाऱ्यात निम्मं ऐकूच यायचं नाही. मला ते फार आवडायचं, पण तिला तसं कधी सांगितलं नाही.

गाडीच्या मागच्या चाकाला साडीगार्ड होतं. बाई एका बाजूला पाय सोडून बसली की साडीचा घोळ चाकात जाऊ नये, म्हणून असते ती लोखंडी जाळी. नाक्यावरची पोरं त्यावरून, किटल्या कुठे अडकवल्या म्हणत, मला दूधवाला म्हणायची. एवढंसं निमित्त पुरलं. एका सकाळी पाना घेतला, जाळी काढली, त्याबरोबर सीटमागचा धरायचा दांडाही काढला. गाडी सडपातळ दिसायला लागली. बायकोला विचारलं, "कशी दिसते?" ती म्हणाली, "हलकी झाल्यासारखी वाटते." पंधरा दिवसांनी सरळगावच्या अलीकडे तिचा पदर चाकात गेला.

आधी गाणं थांबलं, मग गाडीला हिसका बसला. मागे बघतो तर ती रस्त्यावर. डोकं वाचलं, पण घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं आणि ते काढल्यावर कळलं की पाय आता थोडा ओढतच चालायचा. भेटायला येणारा जो तो म्हणे, नशीब थोर, पायावर निभावलं. आईने देवाला नारळ दिला. साडीगार्डचं नाव कुणी काढलं नाही, बायकोनेही नाही. मला कुणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत आणि मग मी स्वतःलाच शिक्षा करायला निघालो. फक्त ती भोगायला दुसऱ्याला लावली.

मनाशी ठरवलं, ही आता मागे बसायची नाही. पण सीट असली तर ती मागणार, आणि तिने मागितलं की मी विरघळणार. तेव्हा सीटच नको. गाडीचा मागचा भाग पूर्ण बदलायचा, शर्यतीच्या गाड्यांसारखा. पुढे एकट्यापुरती सीट आणि मागे निमुळता होत गेलेला फायबरचा उंचवटा, ज्यावर माणूस काय, मांजरसुद्धा टिकणार नाही. 'मला भीती वाटते, तू बसू नकोस' हे एक वाक्य बोलायचं सोडून मी तीन महिने फायबर घासत बसलो. आमच्याकडच्या पुरुषांची ही खोडच आहे. तोंडाने सांगायचं ते हाताने करायचं आणि समोरच्याला कळलं नाही की वर आपणच रुसायचं.

गणपतीत मी गावात मखरं करून द्यायचो, त्यामुळे थर्माकोल कापायला हात बसलेला. पडवीत बसून तारेने थर्माकोलचा छान आकार काढला. कारखान्यातल्या मोल्डिंगच्या दोस्ताने उरलंसुरलं रेझिन आणि फायबरची चटई दिली होती. ब्रशने रेझिन लावलं, आणि बघता बघता माझा आकार आतल्या आत बसत गेला, वास घरभर पसरला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही शेपटाविना. दोस्त दुसऱ्या दिवशी पोट धरून हसला. "येड्या, ते थर्माकोल खातं. मखरं करतोस नि एवढं ठावं नाय?" मखराला आम्ही पाण्याचे रंग लावायचो, कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या खेपेला थर्माकोलवर गव्हाच्या खळीने वर्तमानपत्राचे चार थर चिकटवले, वरून प्लास्टर लावलं, ते खडखडीत वाळू दिलं, फायबर नीट सुटून यावं म्हणून लादीचं पॉलिश चोळलं आणि मग रेझिन. या वेळी जमलं. पण सुटून आलेला तुकडा फणसासारखा खरबरीत होता. तो घासायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, परत घासायचा.

या घासण्याला बायको रोज मदतीला यायची. पडवीच्या पायरीवर दुखरा पाय लांब करून बसायची आणि मी पॉलिश पेपर चालवत असताना तांब्याने पाण्याची धार धरायची. एकदा विचारलं, "हे मागं फुगलंय ते काय?"

"डिझाइन."

"नि सीट?"

"सीट पुढे येते."

खोटं बोललो नव्हतो. म्हणून तर जास्त लाज वाटते. तिने बोटाने उंचवटा चाचपून बघितला आणि म्हणाली, "हितं अजून लागतंय बघा." तिचं बोट माझ्यापेक्षा चांगलं होतं. जिथे जिथे ते अडलं तिथे तिथे मी घासलं. त्या तुकड्याचा गुळगुळीतपणा निम्मा तिचा आहे.

त्याच दिवसांत तिने माझ्या आईकडे पंजाबी ड्रेसचा विषय काढला. तेव्हा आमच्या आळीत एकही सून साडीशिवाय दिसत नव्हती. आई म्हणाली, लोक तोंडात शेण घालतील. ही ऐकेना. चार दिवस अबोला, मग परत तोच विषय. शेवटी एका दुपारी चुलीपाशी तिने सरळच सांगितलं, "आई, साडीत एका बाजूनं बसले म्हनून पडले ना मी? ड्रेस घालून दोनी बाजूला पाय टाकून बसंन. मंग कशी पडते?"

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "शिव जा. पन बाजारात फिरू नको घालून."

मी पडवीत होतो आणि यातला शब्द न् शब्द मला ऐकू आला. उठून आत जायला दहा पावलंही लागली नसती. गेलो नाही. तुकडा इतका सुरेख झाला होता की तो फेकवेना, हे एक कारण. दुसरं कारण असं की ती पडलेली मला अजून दिसायची. दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही कुचकामी आहेत. माझा हात घासतच राहिला.

रंग देऊन तुकडा गाडीवर चढवला तो रविवार होता. मी नट आवळत होतो तेव्हा ती बाहेर आली. मोहरीच्या रंगाचा ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट गाठ मारून बांधलेली, की काही लोंबायला नको. आई दारात उभी राहून आळीत कोण बघतंय ते बघत होती. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि उंचवट्यावर हात ठेवला.

"अहो, मी कुठं बसू?"

"तुझ्यासाठीच केलं. परत पडायला नको."

तिने हात काढून घेतला. आत गेली आणि साडी नेसून बाहेर आली, तांदूळ निवडायला बसली. आई मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ती ड्रेस कशापायी शिवते ते तुला ठावं नव्हतं?"

"ठावं होतं," मी म्हणालो.

पोरांनी गाडीचं खूप कौतुक केलं. मी ती जेमतेम वर्षभर चालवली. मग तो तुकडा उतरवून लांब सीट परत बसवली, दांडा लावला, नवंकोरं साडीगार्डही लावलं. वरातीमागून घोडं. बायकोला म्हटलं, चल, आईकडे जाऊ. ती म्हणाली, "नको. जीप बरी पडते."

तेव्हापासून सवारीची जीपच. संसार चालू राहिला, मुलं झाली, आळीतल्या सगळ्या सुना ड्रेस घालायला लागल्या, तीही घालते. मुरबाडला जायचं झालं की ती बसत नाही म्हणून मीही बसत नाही, गाडी ढकलत तिला स्टँडपर्यंत सोबत करतो, ती पाय ओढत बाजूने चालते. एकदा जीपची वाट बघताना मी धीर करून विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अजून भीती वाटते का गं गाडीची?"

"नाय. गाडीची नाय वाटत," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन समोरून येणाऱ्या जीपला हात केला.