आबांची बंदूक

इंदापूरच्या बँकेच्या दारात पहारा देणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आबाच म्हणायचो. कुणी आत येऊ लागलं की ते आधी बंदुकीची नळी जमिनीकडे वळवायचे, मग दार उघडायचे. त्या दिवशी खंडेनवमी, म्हणून त्यांनी बंदुकीला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. मला तशीच पंप अ‍ॅक्शन बंदूक हवी होती. माझ्या डाळिंबाच्या बागेचा बांध कोरला गेला होता, तेव्हापासून डोकं तापलेलं.

“पुढची मूठ मागं ओढून परत पुढं ढकलली की काडतूस चढतं,” रिकाम्या हातांनी दाखवत आबा म्हणाले. “नुसत्या आवाजानं चोर पळतो. चोर कोण हाय?”

“सख्खा भाऊ.”

त्यांचे हात खाली आले. “राव, भाऊ पळत न्हाय. त्यो बी बंदूक आणतो.” त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. “उद्या दसरा. हे सोनं आदी त्याला द्या, मग बंदुकीचं बोलू.”

मी चिडूनच निघालो.

दसऱ्यानंतर आबांनी विचारलं, “दिलं का सोनं?”

“दिलं. त्यानं घेतलं. बांधाचं मात्र काही बोलला नाही.”

“आन् बंदूक?”

“महाग पडते, आबा.”

ते गालात हसले. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारा मी. बंदुकीचा भाव मात्र कुठंच विचारला नव्हता.