मामांची डिजिटल सही

माझ्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस कराड-मलकापुरात दुसरा नसेल. फौजेच्या सिग्नल तुकडीत हयात घालवली, पेन्शनीवर आल्यावर पाणीयोजनांची छोटी कंत्राटं घेऊ लागले, पण सवयी तिकडच्याच राहिल्या. लग्नाच्या पंगतीतही ते भिंतीला पाठ लावून बसतात. एटीएमपाशी खुद्द मामींना "जरा लांब हुबी ऱ्हा" म्हणतात. मामी म्हणतात, "दुश्मनाला मीच सांगणार हाय की."

गेल्या वर्षी मामींच्या माहेरी, माणदेशातल्या गावात, पाण्याच्या टाकीचं टेंडर निघालं. लहानपणी मामींनी तिथं कोसभरावरून घागरी वाहिलेल्या. "तुज्या म्हायारात माज्या हातनं पाणी येऊ दे," मामा म्हणाले, आणि मामींनी लगेच भावाला फोन लावला.

टेंडर ऑनलाइन भरायचं, त्याला डिजिटल सही हवी. शेवटच्या दिवशी दुपारी मामांनी मला बोलावलं. "जावईबापू, नव्या कॉम्प्युटरात सहीचं सर्टिफिकेट घातलंय, पर वेबसाइट म्हनतीया न्हाईच." मी तारीख तपासली, ब्राउझर बदलला, सर्टिफिकेट काढून पुन्हा घातलं. मग यादीत पाहिलं, तर ते 'इतर लोक' या भागात जाऊन बसलेलं. म्हणजे नाव मामांचं होतं, पण सही करणारी गुप्त किल्ली फाइलीत नव्हतीच.

"मामा, जुन्या कॉम्प्युटरवरून सर्टिफिकेट काढताना, किल्लीसकट काढू का, असं त्यानं विचारलं होतं?"

"व्हय. म्या न्हाई म्हनलं. कुलूप आन किल्ली एका गाडीतनं कोन धाडतं का?"

"आणि जुना कॉम्प्युटर?"

"हातोड्यानं डिस्क फोडली. पुरावा ठिवायचा न्हाई."

हसावं की रडावं कळेना. नवी सही संध्याकाळच्या आत मिळणार नव्हती. मुदत आमच्या डोळ्यांदेखत संपली. दारात उभ्या मामी चहा ठेवायला गेल्या.

टाकी खंडाळ्याच्या कुणीतरी बांधली. पाणी सुटलं त्या दिवशी आम्ही गेलो. बुंदीच्या लाडवातही खोट काढणाऱ्या मामांनी पाइपांचा एकेक जोड ठोकून पाहिला, पण खोट सापडली नाही. मामींच्या माहेरच्या अंगणातला नळ वाहत होता.

"आलं न्हवं पाणी? मग झालं," मामी म्हणाल्या.

"आलं. पर माज्या हातनं न्हाई."

मला त्या माणसाची फार माया आली. मामींनी नळाखाली तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"आय आत बसलीया. तिला तुमी न्हेऊन द्या."

मामांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि थेंब न सांडता आत गेले.