यवतला आप्पांना जागं केलं तेव्हा

आमच्या भागात माणूस जिवंत असल्याचा एकच पुरावा चालतो. हाक मारली की त्यानं ओ द्यायची. नाडी, मॉनिटर, डॉक्टरची डिग्री हे सगळं नंतर.

वडगाव रासाईजवळच्या एका गुऱ्हाळाचे मालक, आप्पा, जुने दमेकरी. चुलाणाच्या धुरात उभे राहून कामगारांवर ओरडता ओरडता कोसळले. मी ॲम्ब्युलन्सवरची डॉक्टर. जागेवरच त्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावला. रुग्णानं नळी ओढू नये म्हणून त्याला झोपवावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे श्वासावाटे द्यायचं औषध नवीनच आलं होतं. दम्याला तर ते फार सोयीचं, कारण झोपही लागते आणि आवळलेली छातीही सैल होते. आप्पा शांत झोपले आणि आम्ही पुण्याच्या वाटेला लागलो.

सोबत बसलेल्या पुतण्यानं दोन हाका मारल्या. आप्पांनी ओ दिली नाही. झालं! मी औषधाचं समजावून सांगेपर्यंत यानं फोनवरून गावाला कळवूनसुद्धा टाकलं.

यवतला पोहोचलो तर मधल्या वाटेनं आमच्या पुढे येऊन रस्त्यात दोन जीपगाड्या आडव्या. अख्खी भावकी हजर. ग्रुपवर आप्पांचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आप्पांच्या धाकट्या भावाच्या हातात तर हार. या मंडळींना हार आणायला वेळ मिळतो, गुऱ्हाळाचं धुराडं उंच करायला वर्षानुवर्षं मिळत नाही.

"मॅडम, बॉडी माघारी न्यायची," धाकटा भाऊ म्हणाला.

मी मॉनिटरवरचे ठोके दाखवले.

"त्ये मशिनचं हाय. आप्पा बोलत्यात का, तेवढं सांगा."

जीपगाड्या हलेनात. नाइलाजानं मी औषध थांबवलं. ते चढतं तसं उतरतंही पटकन. आप्पांनी डोळे उघडले आणि लगेच छाती आवळली. व्हेंटिलेटर कोकलायला लागला. नळीमुळे शब्द फुटेना, नुसतं डोळ्यांतून पाणी. अशा वेळी भावकीनं काय करावं? ॲम्ब्युलन्समध्ये चढून शूटिंगला मोबाइल वर धरले.

"आप्पा, हात हलवा की जरा."

मला असा संताप आला की औषध परत सुरू करता करता मी एकेकाला शिव्या घालून खाली उतरवलं.

आप्पा वाचले. पुढे बरे होऊन गुळाची ढेप घेऊन आम्हाला भेटायला आले.

"मॅडम, मधी डोळं उघडलं तवा धाकट्याच्या हातात हार दिसला. सपान व्हतं का?"

"नाही, आप्पा."

त्यांनी ढेप टेबलावर ठेवली.

"मग पुढल्या टायमाला झोपायचं औषध आधी भावकीला द्या. मी बसतो म्होरं, डायवरापाशी."