स्वीट पीला दिलेला आधार

सोमवारी डॉक्टरांनी बायकोला घरी न्यायला सांगितलं. त्याच दुपारी तिने मला स्वीट पी या फुलवेलाच्या बिया भिजत घालायला लावल्या.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. फुलं यायला माघ उजाडणार, हे तिला माहीत होतं. तिची खाट खिडकीशी होती आणि वाफा खिडकीखाली. एकदा फुलं बघायची, एवढंच तिचं मागणं होतं.

वेल वीतभर झाले तेव्हा मी पुस्तकात बघून बांबू रोवले. तिने खाटेवरूनच नाही म्हणून मान हलवली. या वेलाचे तणावे दोऱ्यासारखे बारीक असतात, जाड बांबू त्यांच्या मिठीत मावत नाही. आमच्या शेळगावात तुरीचं खळं झालं की उरलेल्या काटक्या, तुराट्या, चुलीला जातात. माझ्या धाकट्या भावाने दोन भारे आणले आणि तिच्या सांगण्याप्रमाणे ओळीने खोचले. त्याची टोमॅटोची बाग आहे, ऊस आहे; बांधणी हा त्याच्या हातचा खेळ.

"वैनी, शेंग खायाची न्हाय, मग याला एवढा थाट कशापायी?"

"तुमचा टोमॅटो तरी कुठं सुतळीबिगर उभा राहतो, भावजी?"

त्या दिवशी ती हसली. पुढे वेल रोज किती चढला ते ती बोटाने काचेवर दाखवायची. पौषात कळ्या धरल्या.

मग शेंड्यांना माव्याची कीड लागली. भाऊ त्या दिवशी इंदापूरला गेला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. मी त्याच्या शेडमधून फवारणीचा पंप आणला, निंबोळीचं तेल कालवलं आणि ती औषधाच्या गुंगीत असताना वेल भिजेपर्यंत मारलं. शेडमध्ये दोन पंप असतात. उसातल्या तणनाशकाच्या पंपाला तो लाल चिंधी बांधतो. तो पंप कितीही धुतला तरी दुसऱ्या पिकाला लावायचा नाही, हे त्याच्या घरात लहान पोरालाही कळतं. मी आणलेल्या पंपावरची चिंधी मी पाहिली होती. कशासाठी ते विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेंडे पिळवटले. कळ्या वाकड्या होऊन तिथेच वाळल्या. भाऊ आला, वेलाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

तिनेही शेतकऱ्याच्या घरात जन्म काढला होता. खिडकीतून तिने विचारलं, "भावजी, तणनाशकाचा पंप मारलात व्हय?"

मी तुराट्यांकडे बघत राहिलो.

"व्हय वैनी. चुकलं माझं."

ती म्हणाली, "मरणाऱ्या माणसाचं तेवढंच होतं. आता या खोलीत पाऊल टाकू नका."

त्यानंतर ती बारा दिवस होती. भाऊ रोज यायचा, दाराबाहेरूनच औषधं माझ्या हातात द्यायचा. मला रोज खरं बोलता आलं असतं. तिला त्रास होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं तर शेवटचे दिवस तिने मला हाकलू नये, एवढंच मला हवं होतं. शेवटच्या सकाळी तिने पाणी माझ्याच हातून घेतलं. भाऊ तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा होता.

तो अजूनही संध्याकाळी येतो आणि ओट्यावर बसतो. त्या खोलीत जात नाही. मी त्याला आत जा म्हटलेलं नाही.