पाध्येकाकांची पोकळ टिंबं

नंदकिशोर पाध्ये यांनी तीस वर्षं साहेब लोकांच्या शिव्या ऐकल्या आणि त्यातली एकही कागदावर येऊ दिली नाही. पगार मिळायचा तो स्टेनोग्राफर म्हणून, पण खरं काम हेच.

१९५६ साली मी त्यांच्या हाताखाली लागले. मी मृणालिनी, तेव्हा वीस वर्षांची, शॉर्टहँडचं सर्टिफिकेट घेऊन आलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा पंपांचा कारखाना होता. आजूबाजूला भाताची खाचरं, पलीकडे मरोळ गाव. ऑफिसात मी एकटी मुलगी. बाकीचे माझ्याशी एकतर फार गोड बोलायचे, नाहीतर बोलायचेच नाहीत. पाध्येकाका मात्र पहिल्या दिवशी म्हणाले, "बस. पेन्सिली दोन ठेव, एक मोडतेच." मला माणूस आवडला.

दिसायला काही खास नव्हते. काळा अल्पाकाचा कोट, कोपरावर झिजलेला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दुपारी डबा खाऊन झाला की खुर्चीत मान टाकून म्हणायचे, "दमलो गं." कशाने दमलात, असं विचारलं की म्हणायचे, "ऐकून."

कारखान्यात एक पद्धत होती. रोज सकाळी साडेनऊला वर्क्स मॅनेजर सगळ्या खात्यांतून फेरी मारायचा आणि पाध्येकाका वही घेऊन त्याच्या मागे दोन पावलं चालायचे. साहेब जे बोलेल आणि समोरचा जे उत्तर देईल ते चालता चालता उतरवायचं आणि अकराच्या आत टाइप करून टेबलावर ठेवायचं. त्या कागदाला फेरीचा रिपोर्ट म्हणायचे. कुणाला ताकीद द्यायची, कुणाचा रोज कापायचा, सगळं त्या कागदावरून ठरायचं.

आता साहेब म्हटला की तो तोंडाने स्वच्छ असेलच असं नाही. काकांनी पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं. साहेबाच्या तोंडून शिवी आली की ती लिहायची नाही. वहीत त्या जागी एक बारीक पोकळ टिंब काढायचं आणि पुढे जायचं. टाइप करताना टिंबही गाळायचं.

"मग टिंब तरी कशाला काढायचं?" मी विचारलं.

"काहीतरी गाळलंय हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून. दुसऱ्याला नको."

या माणसाला शिव्यांचं ज्ञान मात्र विलक्षण होतं. पूर्वी कंपनीचं ऑफिस फोर्टात होतं, तेव्हा दर शनिवारी दुपारी ते लायब्ररीत बसून मोठमोठ्या इंग्रजी शब्दकोशांत, आदल्या आठवड्यात ऐकलेला शब्द शोधायचे. मला ते सांगायचे, पण शब्द तोंडाने उच्चारायचे नाहीत. टीपकागदाच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत लिहायचे, मला दाखवायचे आणि तुकडा फाडून टाकायचे. घरी संध्या करणारा माणूस. जिभेला विटाळ नको, एवढंच. मला हसू यायचं.

त्या तुकड्यांवरून मी बरंच शिकले. इंग्रजांच्या जुन्या काळी शरीराचे शब्द कुणाला फारसे टोचत नसत. देवाच्या रक्ताची, देवाच्या जखमांची शपथ घेणं हे महापाप. पुढे देवाचा धाक कमी झाला आणि शरीराची लाज वाढली, तशा शिव्याही बदलल्या. 'डॅम' म्हणजे एके काळी खराखुरा शाप, नरकात जा म्हणून. आमच्या काळात चहा गार झाला तरी डॅम. 'ब्लडी' हा शब्द दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी सभ्य माणसं पत्रात लिहायची, मग तो इतका बाटला की छापताना मधली अक्षरं गाळून रेघ मारायची वेळ आली. 'व्हिलन' म्हणजे मुळात शेतात राबणारं गरीब कूळ, बस्स. आणि 'बास्टर्ड' तर इंग्लंडच्या एका जुन्या राजाच्या नावालाच चिकटलेला शब्द, राजरोस.

"म्हणजे शब्दात काही नसतंच," मी एकदा शहाणपणा केला. "आपले व्हिटन साहेब नव्हते का सगळ्यांना सांगायचे, मी हवेत शिव्या देतो म्हणून? गोऱ्यांचं तसंच असेल. नुसती सवय."

व्हिटन म्हणजे आधीचा इंग्रज मॅनेजर, तीन वर्षांपूर्वी विलायतेला गेलेला. मी त्याला पाहिलंही नव्हतं, ऐकीव बोलत होते. काकांनी चष्मा काढला.

"हवेत कुठलं? माणसांवरच द्यायचे. मी टिंबं काढत होतो, म्हणून हवेत गेल्यासारख्या वाटायच्या."

एवढं बोलून ते पुन्हा टाइप करायला लागले. मी त्यावर फार विचार केला नाही.

व्हिटनच्या जागी चंद्रप्रकाश साहेब आले होते. आपलाच माणूस, शिकलेला, कडक इस्त्रीचा. व्हिटनच्या हाताखाली सात वर्षं काढलेली, त्यामुळे खुर्चीबरोबर तोंडही वारशात मिळालं होतं. पंख्याला, फाइलीला शिवी देताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांची शिवी थेट माणसाकडे जायची.

ऑक्टोबरातली गोष्ट. उकाडा असा की टाइपरायटरच्या कळा बोटांना चिकटत होत्या. त्या दिवशी फेरीवरून काका परत आले ते घाम पुसत. रिपोर्ट टाइप केला, साहेबाला दिला. तासाभरात टर्नर डेनिसच्या हातात आरोपपत्र पडलं.

डेनिस मरोळ गावचा. पंचेचाळिशीचा, एकोणीस वर्षं लेथवर. घरी बायको क्लॅरिस आणि चार मुलं. गावची जमीन भावांत वाटून उरली होती ती भाजीच्या दोन वाफ्यांपुरती. नोकरी गेली तर घराची चूल बंद पडणार, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. आरोप असा होता की फेरीच्या वेळी डेनिसने वर्क्स मॅनेजरला 'बास्टर्ड तू' असं म्हटलं. शिक्षा ठरलेली, बडतर्फी. आधी एक चौकशी व्हायची, तेवढीच औपचारिकता.

दुपारी डेनिस आमच्या दारात आला. टोपी हातात. आत आला नाही.

"पाध्ये, तू व्हतास ना तिथं?"

"होतो."

"त्यानं मला आधी म्हटलं ना? बास्टर्ड म्हटलं ना? माझ्या बापानं माझ्या आयशीशी मरोळच्या देवळात लगीन लावलंय रे, पाद्रीच्या समोर. मी काय ऐकून घेऊ? मी म्हटलं, बास्टर्ड तू. आन् कागदावर फक्त माझंच कसं आलं?"

काका वहीची पानं सारखी करत राहिले. डेनिस टोपी घालून गेला. मी काकांच्या वहीकडे पाहिलं. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

"काका, टिंब आहे ना वहीत?"

"आहे."

"मग सांगा ना."

"सांगून? तीस वर्षं मी गाळलं, हेच सांगायचं ना?" ते फार हळू बोलत होते. "दोन वर्षं उरलीत माझी. मला आता भांडायचा कंटाळा आलाय, मृणालिनी. खरंच कंटाळा आलाय."

मला त्यांचा राग आला. अगदी तोंडावर सांगावंसं वाटलं की तुम्ही भित्रे आहात. बोलले नाही, पण दोन दिवस त्यांना चहा नेऊन दिला नाही. एवढाच माझा बाणेदारपणा.

चौकशी आठवड्याने, गुरुवारी, साहेबाच्याच खोलीत. चौकशी करायला बाहेरून एक वयस्कर वकील बोलावलेले. चंद्रप्रकाश साहेब एका बाजूला, डेनिस समोर स्टुलावर. काका साक्षीदार असल्यामुळे साक्ष उतरवायला मला बसवलं. खोलीत जाता जाता साहेब काकांना म्हणाले, "पाध्ये, तुमची वही नेहमी स्वच्छ असते, त्यामुळे मला काळजीच नाही."

वकिलांनी रिपोर्ट वाचला. डेनिसने आपलं म्हणणं सांगितलं. वकील म्हणाले, "पण रिपोर्टात मॅनेजरसाहेबांच्या तोंडी तसं काही नाही. पाध्ये, तुमची मूळ वही बघू."

काकांनी वही उघडून समोर ठेवली. वकिलांना शॉर्टहँड कुठलं येतंय! त्यांनी एका जागी बोट ठेवलं, डेनिसच्या वाक्याच्या आधी. "हे काय? हा अंडाकार?"

पंखा फिरत होता. डेनिस काकांकडे बघतसुद्धा नव्हता, त्याने आशाच सोडली असावी. मला वाटलं, आता काका म्हणतील, पेन्सिल घसरली. म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

"ती शिवी आहे," काका म्हणाले. "साहेबांची. आम्ही ती लिहीत नाही, खूण करतो."

"कुठली शिवी?"

काकांनी सवयीने खिशात हात घातला, टीपकागद शोधायला. मग हात बाहेर काढला, रिकामाच.

"बास्टर्ड," ते म्हणाले.

आवाज फुटका निघाला. ज्या माणसाने हा शब्द कुठल्या शतकात कुठे होता ते मला तारखांसकट सांगितलं होतं, त्याने तो तोंडाने पहिल्यांदाच म्हटला. चंद्रप्रकाश साहेब खुर्चीतून उठले. "एवढ्यावरून काय सिद्ध होतं? हा आज काहीही सांगेल!"

"एवढंच नाही," काका म्हणाले आणि त्यांनी पान मागे उलटलं. "हा बुधवार. फाउंड्रीत, नंदू हेल्परला." टिंबामागचा प्रत्येक शब्द त्यांच्या लक्षात होता. शिवी वाचली. "हा मंगळवार. स्टोअरमध्ये." वाचली. असे ते मागे मागे जात राहिले, प्रत्येक टिंबावर बोट ठेवून, वार, खातं, माणसाचं नाव आणि शिवी. चढा सूर नाही, राग नाही. थकलेला माणूस जिने उतरताना एकेक पायरी मोजतो तसं. दोन आठवड्यांची अकरा टिंबं वाचली आणि वही मिटली. म्हणाले, "मला पाणी मिळेल का?"

डेनिसनेच उठून दिलं.

वकिलांनी सांगितलं की साक्ष टाइप करा, उद्या सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, सही होईल आणि मग निर्णय. मी टेबलावर येऊन वही उघडली. माझ्या पानावर बारा पोकळ टिंबं होती. काका एकेक शब्द घशातून ओढून काढत होते आणि माझी पेन्सिल, त्यांनीच शिकवलेली, ते शब्द गाळत चालली होती. मला कळलंही नव्हतं.

शब्द मला पाठ होते. भरायला किती वेळ लागला असता? पण तेवढ्यात साहेब दारात आले. "मिस, तुमच्या वहीत जसं आहे तसंच टाइप करा. पदरचं काही घालू नका." मी मान डोलावली. वर स्वतःची समजूतही घातली की चांगल्या घरची मुलगी मी, असले शब्द कसे टाइप करणार? जसं आहे तसंच टाइप केलं. बारा जागा कोऱ्या.

सकाळी मीच उभी राहून वाचलं. पहिली कोरी जागा आली, मी श्वास घेतला आणि पुढे गेले. दुसऱ्या जागी डेनिसचा आवाज आला.

"ए बाय, ते कुठं गेलं?"

मी थांबले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. काकांनी हात पुढे केला आणि माझ्या हातातून कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग कोटाच्या खिशातून पेन काढून वकिलांना विचारलं, "माझ्या साक्षीत सुटलेलं मी भरू शकतो ना?"

"भरा. प्रत्येक दुरुस्तीपाशी छोटी सही करा."

त्यांनी बारा जागा भरल्या. त्यांचं अक्षर सुरेख होतं, गोल, सावकाश. प्रत्येक शब्दाशेजारी लहान सही. खोलीत निबाचा आवाज तेवढा होता. मी बाजूला उभी होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

डेनिसची नोकरी राहिली. पंधरा दिवस बिनपगारी घरी बसला आणि परत लेथवर आला. साहेबाचं काही झालं नाही, वरिष्ठांनी समज दिली म्हणतात. काकांना सोमवारपासून टपालाच्या टेबलावर बसवलं, पाकिटं चिकटवायला. उरलेली दोन वर्षं त्यांनी तिथेच काढली आणि फेरीची वही माझ्याकडे आली.

पण त्या सकाळी, सही झाल्यावर, सगळे बाहेर पडले आणि आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "काका, मला समजलंच नाही, हातातून आपोआप झालं." रडू येत होतं. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, माझ्या वहीतल्या टिंबांकडे एकदा पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "छान शिकलीस."

पुढे मी सव्वीस वर्षं नोकरी केली. चार साहेब पाहिले, त्यांची तोंडं ऐकली, घरीदारी बोलणीही भरपूर खाल्ली. त्या दोन शब्दांइतकी लागलेली शिवी मला दुसरी आठवत नाही.